पेन्सिलीत राहिलेले आबाजी

मोठेबाबा, तुमच्या निधनाच्या बातमीत तीन चुका आहेत. वय चुकलं आहे, कारण ते शाळेच्या दाखल्यावरून घेतलं, आणि दाखल्यावरची जन्मतारीख मास्तरांनी मनानं टाकलेली आहे हे तुम्ही मला पन्नासदा सांगितलं होतं. ‘प्रदीर्घ आजारानंतर’ असं छापून आलं. तुम्ही आजारी होता मोजून चार दिवस. आणि शेवटी ‘त्यांच्या मागे मोठा आप्तपरिवार आहे’. यावर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, “मोजला कोनं?” बातमी मीच दिली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून, मोबाइलवरून, घाईघाईत.

तेरवी होऊन आठवडा झाला. मी रोज सिंदी मेघेतलं दुकान उघडतो. कोणाच्या विहिरीवरची जळलेली मोटर खोलतो, आतली काळी पडलेली तार ओढून काढायला घेतो, आणि अर्ध्यात पक्कड टाकून गाडीला किक मारतो ते थेट नालवाडीला, तुमच्या घरी. तिथं काही काम नसतं. तुमच्या खोलीत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. मोठीआई काल म्हणाली, “काऊन चकरा मारून राह्यला बापू? बस ना एका जागी.” बसवत नाही, मोठेबाबा. बसलो की गेल्या वर्षीचं भांडण आठवतं, आणि त्यात माझी बाजू रोज थोडी थोडी कमी होत चालली आहे.

ते भांडण तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला पुन्हा एकदा ओळीनं लावून बघायचं आहे. माझ्या रुचाचा प्रवेश होता. जात वैधतेचा फॉर्म भरायचा होता, आणि आबाजी, म्हणजे तुमचे वडील, माझे आजोबा, हे सदाशिवचे पुत्र असं सांगणारा जुना कागद आपल्याजवळ नव्हता. कचेरीबाहेरचा टायपिंगवाला म्हणाला, “घरातल्या मोठ्या मानसाचं शपथपत्र लावून द्या, जमून जाईल.” बाबा कधीचेच गेलेले, त्यामुळे घरातलं मोठं माणूस म्हणजे तुम्ही, त्यांचे थोरले भाऊ. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. स्टॅम्पपेपर, टाइप केलेला मजकूर, अगदी पेनसुद्धा घेऊन आलो होतो. तुम्ही मजकूर दोनदा वाचला, कागदाची घडी होती तशी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

“नाई करत मी सही.”

“काऊन?”

“आबाजीचं एक टोक लागत नाई अजून.”

“मोठेबाबा, सख्खे बाप होते ते तुमचे!”

“मी त्यायचा, हे मले मालूम हाय. ते सदाशिवचे, हे कोनं सांगतलं?”

“अख्खं गाव सांगते.”

“गाव आयकलेलं सांगते. पाह्यलेलं कोन सांगते?”

तुमची जन्मभराची नोकरी मोजणी खात्यातली. एका खुंटीपासून साखळी टाकत त्या टोकापर्यंत जायचं, मग त्या टोकापासून उलटं मोजत यायचं. दोन्ही आकडे जुळले तरच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दगड बसवायचा. निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ करायला घेतली तेव्हाही तुम्ही तीच साखळी चालवली. एका मोठ्या कागदावर सगळं झाड काढलेलं. ज्या नावाला दोन बाजूंनी पुरावा मिळाला ते पेनानं. ज्याला एकच मिळाला किंवा मिळालाच नाही ते पेन्सिलीनं. आम्ही पोरं हसायचो. लग्न ठरलं की एकमेकांना विचारायचो, बायकोला मोठेबाबांनी पेनानं घेतलं का पेन्सिलीनं?

त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. मी तुमच्या ओसरीवर उभा राहून ओरडलो, “तुम्हाले मेलेल्यायचीच पडली हाय! जित्या पोरीचं काय होते, ते काई नाई.” मोठीआई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. तुम्ही आवाज चढवला नाही. तुम्ही म्हणालात, “मेलेला मानूस उठून नाई म्हनू शकत नाई, नंदू. म्हनून त्याच्या नावापुढं लिहितानी आपल्याले हात आवरा लागते.” मला ते वाक्य तेव्हा शहाणपणा मिरवणारं वाटलं. आता पाठ झालं आहे.

फॉर्म तुमच्या सहीशिवाय गेला, त्रुटी निघून परत आला, तारीख टळली. रुचा नागपूरला दुसऱ्याच शाखेला लागली. ती तुमच्यावर रागावली नाही, पण मी रागावलो. दहा महिने मी नालवाडीच्या वळणावरून गाडी वळवली नाही.

त्या दहा महिन्यांत तुम्ही एकदा दुकानात आला होतात. ऑटोतून उतरलात, हातात ती खाकी पिशवी, गळ्यात दुपट्टा. काम काही नव्हतं. बाकड्यावर बसलात. मी मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात, “नंदू, तू लहान असतानी आबाजीसंग...” आणि मी समोरची मोटर चालू केली. तपासायला. ती तपासायची काही गरज नव्हती, सकाळीच तपासली होती. पाच अश्वशक्तीची मोटर पत्र्याच्या दुकानात चालली की माणूस माणसाचं ऐकू शकत नाही. तुम्ही वाट पाहिलीत. मी ती बंद केली आणि लगेच दुसरी लावली. निघताना तुम्ही काहीतरी बोललात, ओठ हललेले दिसले. मी हात हलवला, म्हणजे येजा, निघा आता. त्यानंतर भेट झाली ती दवाखान्यात, तुमच्या तोंडावर मास्क असताना. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, तुम्हाला थंडी वाजते आहे, म्हणून मी पंखा बंद करायला लावला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मोठीआईनं खाकी पिशवी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, “आमाले पोरबाळ नाई. हे तुयंच. त्यायनं सांगतलंच होतं तसं.” रुचा माझ्याजवळ बसली होती. आम्ही दोघांनी झाडाचा कागद जमिनीवर पसरला. चारही कोपऱ्यांवर तुमच्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या. वरती सदाशिव, पेनानं. खाली तुम्ही, माझे बाबा, आम्ही भावंडं, रुचा, सगळे पेनानं. मधे एकच नाव पेन्सिलीनं: कोंडबा. आमचे आबाजी. ज्यांच्यामुळे खालचे सगळे आहेत ते.

पण त्यांच्याच ओळीत, त्यांच्या डावीकडे, मी पूर्वी कधी लक्ष न दिलेल्या चार चौकटी होत्या. त्यांत नावं नव्हती. मुलगा. मुलगी. मुलगा. मुलगा. चारही पेनानं. रुचानं विचारलं, “बाबा, हे कोण?” मी वही उघडली. तुम्ही कोतवाल बुकातून उतरवून घेतलेलं होतं. गावचा कोतवाल घरोघर फिरून जन्ममरणाची खबर घ्यायचा आणि ती वहीत चढायची, ते हे बुक. त्यात बाळाचं नाव नसे, बापाचं असे. ‘सदाशिव यास मुलगा झाला.’ काही पानांनंतर, ‘सदाशिव याचा मुलगा, वय दोन महिने, मयत.’ पुन्हा तसंच. चार वेळा. त्या चार पोरांना दोन दोन पुरावे होते, जन्माचा एक आणि मरणाचा एक, म्हणून ती पेनात गेली. जे जगलं ते पेन्सिलीत राहिलं.

आबाजींच्या जन्माच्या सुमाराला सदाशिवच्या नावावर नोंदच नाही. त्याऐवजी तुम्ही शेजारच्या घरची नोंद उतरवून तिच्याखाली रेघ मारली होती. त्यांना त्या महिन्यात मुलगा झाला. आणि पुढं त्या घरात तेवढ्या वयाचा मुलगा कुठंच नाही, ना शाळेत, ना शेताच्या कागदांत, ना मयतांत. त्यांच्या घरी एक पोरगा जन्मून नाहीसा झाला, आपल्या घरी एक पोरगा न जन्मता मोठा झाला. त्या घराची जात वेगळी. तेव्हा कुठं मला कळलं, मोठेबाबा, तुम्ही सही का केली नाही. आबाजी खरंच त्यांचे असते, तर तुमचं शपथपत्र खोटं ठरलं असतं, आणि ते रुचाच्या नावानं फायलीत लागलं असतं. हे मला तेव्हाच सांगितलं असतं तर? पण मी ऐकण्याच्या बेतात कुठं होतो. आणि सिद्ध न झालेली गोष्ट तुम्ही पेन्सिलीनं लिहायचात, तोंडानं बोलायचा नाहीत.

पुढच्या पानावर तुमचा तो नमुना होता. वर ‘सांगणारा’, त्याखाली ‘विचारणारा’, मग दोन रकाने: ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’. तुम्ही शेजारच्या घरातल्या किसनाबाईला शोधून काढलं होतं. ती माणसं गाव सोडून कधीच कारंज्याकडे गेलेली. ऐकलेलं: ‘तुमच्यातली पोरं जगत नव्हती. कोंडबा जन्मला तवा सटवाईची नजर चुकवाले एका घरचं पोरगं दुसऱ्या घरच्या ओटीत टाकलं, मंग सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. म्हनून नाव कोंडबा.’ पाहिलेलं: ‘काही नाही.’ आणि खाली तुमच्या अक्षरात: ‘कोणत्या घरचं पोर कोणत्या ओटीत, हे बाईला सांगता येत नाही. परत दिलं की ठेवून घेतलं, तेही नाही. आपल्या बाजूनं पाहणारा हवा. मी कळत नव्हतं तेव्हापासून मामाकडे, नंतर नोकरीवर; मला काही ठाऊक नाही. नंदू आबाजींसोबत हिंडायचा. नंदूला विचारणे.’

त्याखाली, दुसऱ्या शाईत: ‘नंदूच्या दुकानी गेलो. विचारायला सुरुवात केली. मोटर चालू होती. पुन्हा जाणे.’

एवढंच. ‘चालू केली’ असंही नाही, ‘चालू होती.’ तुम्ही मला शिव्या लिहून ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून अंगणात गेलो, रुचाला म्हणालो गाडीत पेट्रोल बघतो, आणि नळाखाली तोंड धरून रडलो.

कारण मी पाहिलं होतं, मोठेबाबा. मी दरवर्षी पाहिलं होतं. चैत्रात नवा गहू निघाला की पहिल्या दळणाचा कोंडा आबाजी सुपात काढायचे. एक कोपरा तारेनं शिवलेलं सूप. मला म्हणायचे, “चाल रे नंदू, मायचा कोंडा देऊन येऊ.” मी सहा-सात वर्षांचा. वांग्याच्या वाफ्यांमधून, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वासातून आम्ही शेजारच्या घरी जायचो. तिथली बाई सूप घ्यायची, कोंडा म्हशीपुढं टाकायची, रिकाम्या सुपात मूठभर गहू घालायची आणि आबाजींकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची, “आमचं नाई हे पोरगं, तुमचंच हाय. घेऊन जा.” मिशा पांढऱ्या झालेले आबाजी पोरासारखे लाजून हसायचे. ते पोरगं म्हणजे कोण, हे मला कळायचं नाही. मला वाटायचं, ती मलाच ठेवून घ्यायला नाही म्हणते आहे. मी आबाजींचं धोतर घट्ट धरायचो. परत येताना विचारलं तर ते म्हणायचे, “हे बोलाचं नसते.” जी गोष्ट नशिबापासून लपवायची, ती त्यांनी सरकारापासूनही लपवली, तुमच्यापासूनही. तुम्ही घरी यायचात दिवाळीला. चैत्रात कधीच नाही.

म्हणजे दुसरं टोक मी होतो. पत्र्याच्या दुकानात, तुमच्यापासून दोन हातांवर.

मग लगेच दुसरी भीती बसली. हे मला खरंच आठवतं आहे, की तुमची वही वाचून मी मनात तयार केलं? तुम्ही पहिला प्रश्न हाच केला असता. दोन दिवस मी याच्यावर कुढलो. तुमच्या वहीत कोंडा आहे, सूप आहे. गहू नाही, बाईचं ते वाक्य नाही. पण माणसाचं मन काय, काहीही शिवून देतं. शेवटी रुचाच म्हणाली, “मोठ्या आजोबांनी काय केलं असतं? जाऊन विचारलं असतं.”

परवा आम्ही कारंज्याला गेलो. हायवेवर ट्रक, ढाब्यांसमोर बाजा टाकलेल्या. किसनाबाई घरासमोर निंबाखाली बसलेली, तुरीच्या डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढत. दिसत नाही म्हणे फारसं. मी तुमचं नाव सांगितलं, तुम्ही गेल्याचं सांगितलं. तिनं हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, “लय सवाल करे तो मानूस. चहा थंडा झाला त्याचा, तरी सवाल सुरूच.”

तुम्ही शिकवलं होतं तसंच विचारलं. उत्तर तोंडात घालायचं नाही. विचारलं, “बाई, चैतात आमच्या घरून तुमच्या घरी काई येत होतं का?”

तिचे हात डाळीत थांबले. “येत होतं ना. कोंडा येत होता. कोंडबाच आने, दरसाली. मी लहान होती.”

“मंग तुमच्याकडून?”

“मूठभर गहू टाके माय मायी सुपात. अन् त्या एवढ्या बाप्याले म्हने, आमचं नाई रे बाबा, तुमचंच पोरगं हाय, घेऊन जा.” ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. “आमी पोरी हासून हासून मरो. मंग माय गेल्यावर वैनी म्हने.”

“हे तुम्ही आमच्या मोठेबाबाले काऊन नाई सांगतलं?”

“त्यानं जन्माचं विचारलं, मी जन्माचं सांगतलं. चैताचं त्यानं कुठं विचारलं?”

तुम्हाला विचारायचं ठाऊक नव्हतं आणि मला सांगायचं. रुचानं माझा हात दाबला. पोर आपलंच होतं; जन्मताच त्यांच्या ओटीत टाकलं, म्हणून कोतवालानं ते त्यांच्या नावावर चढवलं. साखळी दोन्ही बाजूंनी लागली होती, मोठेबाबा, आणि हे जुळलं की पाठीवर थाप मारणारा माणूस तेवढा तिथं नव्हता. आनंद झाला, खोटं बोलत नाही. येताना ढाब्यावर आम्ही दोघांनी पोटभर जेवण केलं. घर जवळ आलं तसं मनात आलं, ही बातमी आता द्यायची कुणाला?

फॉर्म पुन्हा भरायचा आहे. टायपिंगवाला म्हणाला, घरातल्या ज्येष्ठाचं शपथपत्र लागेलच. मी सवयीनं म्हणालो, विचारून सांगतो. मग ध्यानात आलं की आता घरातलं मोठं माणूस मीच आहे. सही मला करायची आहे, आणि मजकूर मीही दोनदा वाचेन.

पण त्याआधी तुमच्या टेबलाशी बसून तुमचा नमुना भरला. सांगणारा: नंदकिशोर, कोंडबाचा नातू. पाहिलेलं: सूप, तारेनं शिवलेला कोपरा, कोंडा, मूठभर गहू, बाईचं बोलणं, आबाजींचं हसणं. ऐकलेलं: काही नाही. किसनाबाईच्या कागदावर ‘काही नाही’ खोडून तिनं पाहिलेलं कारंज्यालाच लिहून घेतलं होतं, खाली तिचा अंगठा आहे. मग झाडाच्या कागदावर ‘कोंडबा’ गिरवलं, पेनानं, तुमच्याच वळणावरून. ‘ड’ जरा जाड झाला आहे.

माझ्या कागदावर एक ओळ उरली होती. विचारणारा. आधी मी तिथं तुमचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. वाटलं, तुमचं विचारून झालंच कुठं होतं? मग वही पुन्हा उघडली. तुमच्या बाजूनं नोंद आहे: विचारायला सुरुवात केली. माझ्या बाजूनं मी पाहिलं आहे, बाकड्यावर बसून तुम्ही विचारत होता. दोन्ही टोकं जुळतात.

पेनानं लिहिलं, मोठेबाबा.